ओढ्यापल्याडची पांढर

माझ्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की मला गप्प बसवत नाही. नवरा म्हणतो, तुझ्या अंगात येतं. येऊ दे की. त्या रविवारी सकाळी मी चहाचा कप हातात धरून मोबाइलवर अमेरिकेतल्या एका उत्खननावरचं भाषण ऐकत बसले होते, आणि चहावर साय धरली तरी मला पत्ता नव्हता.

बोलणारी बाई माझ्याच वयाची असावी. काळ्या शेतकऱ्यांच्या एका जुन्या वस्तीबद्दल ती सांगत होती. गुलामगिरीतून सुटलेली माणसं, काही पळून आलेली. त्यांच्या शेजारी क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी राहायचे. साधं नेसणारे, गप्प बसून प्रार्थना करणारे, लढाई न मानणारे आणि पुढं पुढं गुलामगिरीही न मानणारे. ते सगळेच काही देवमाणसं नव्हते, हेही तिनं सांगून टाकलं. दोघांचे बांध एकमेकांना लागून. नंतर काळ्यांची वस्ती उठली, घरं पडली, आणि आसपासच्या लोकांनी ठरवून टाकलं की ते नुसते मजूर होते, त्यांची कसली आलीय शेती. कागद थोडे. मग ह्या बाईनं तिथली माती चाळली. बशीचे तुकडे, बटणं, तळघराची भिंत, जळके दाणे. त्यावरून तिनं दाखवून दिलं की इथं घरं होती, रानं होती आणि खाऊन उरेल एवढं पिकत होतं.

मी कप खाली ठेवला आणि आबांना फोन लावला.

आबा म्हणजे माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म नोकरी करून निवृत्त झाले आणि कागलच्या पुढं आमच्या गावी जाऊन राहिले. मी कोल्हापुरात, कॉलेजात पुरातत्त्व शिकवते. त्या महिन्यात आबांचं जेवणात लक्ष नाही, असं आई रोज फोनवर सांगत होती. कारण गावच्या कमानीजवळ ग्रॅनाइटचा एक मोठा दगड बसणार होता आणि त्यावर गावचा इतिहास कोरायचा होता. कुणी गाव वसवलं, कुणाची घराणी जुनी, कोण काय कसायचं, सगळं. मजकूर लिहायचं काम गुरुजींकडं. गुरुजी म्हणजे गावच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी ग्रामपंचायतीत मजकूर वाचून दाखवला. त्यात सगळ्यांची रानं होती, विहिरी होत्या. आमच्या बौद्ध वस्तीबद्दल एकच ओळ होती, की हे लोक गावची चाकरी करून गावाच्या भाकरीवर राहत.

आबा तिथंच उठून उभे राहिले. "आमी शेतकरी हुतो," म्हणाले. "ओढ्यापल्याड आमची जुनी वस्ती हुती आनि रानं हुती."

"वस्ती हुती, सगळं गाव सांगतंय," गुरुजी म्हणाले. "रानाचा पुरावा दे. लगेच लिवतो. यात्रेआधी दगड कोरायला जायचाय."

गुरुजी खोटं बोलणारा माणूस नाही, हीच पंचाईत होती. खोट्याशी भांडता येतं. कागद तर आबांनी आधीच शोधून पाहिले होते. तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, कुठंही आमच्या कुणाचं नाव निघालं नव्हतं. आणि ही ओळ एकदा ग्रॅनाइटवर गेली की माझ्या भाचरांची पोरं तीच वाचणार आणि तेच खरं मानणार. आबांना ते सहन होत नव्हतं. मलाही होत नव्हतं, पण मी रागानं लाल व्हायची आणि ते गप्प व्हायचे, एवढाच आमच्यात फरक.

"आबा," मी फोनवर म्हटलं, "कागद न्हाय तर न्हाय. माती हाय की. वस्तीची जागा घावली की पिकाचा पुरावाबी घावतोय."

"आता मातीला इचारणार व्हय?"

"पोटच भरतंय माझं त्याच्यावर."

ओढ्यापल्याडची सगळी रानं आता एका जैन शेतकऱ्याची आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. दिवस मावळायच्या आत जेवणारे, ऊस तुटल्यावर किडामुंगी जळते म्हणून पाला न पेटवणारे, पण आवाज असा की पल्याडच्या मळ्यातलं कुत्रं उठून बसावं. मी मनात म्हटलं, हे आमचे क्वेकर. त्यांच्याकडं जाऊन सांगितलं की तुमच्या रानात मला नुसतं फिरायचंय, खणायचं काही नाही. खणायला सरकारची परवानगी लागते आणि ती यात्रेआधी मिळणं शक्य नव्हतं.

"फीर की. रान काय झिजणार हाय व्हय," अण्णा म्हणाले.

उसाचा खोडवा मोडून रान नांगरलेलं होतं. माझ्या वर्गातल्या चार मुली घेऊन मी सकाळीच पोचले. ओळीनं चालायचं, नजर खाली, दिसेल ते उचलायचं, कुठं सापडलं ते मांडायचं. पहिल्याच ओळीत खापर. मग दुसरं. मग काचेच्या बांगडीचा हिरवा तुकडा. जात्याची फुटकी तळी. चिलमीचं तोंड. दुपारपर्यंत पिशव्या भरल्या. काळ्याभोर रानात मधेमधे माती राखाडी, पांढुरकी दिसत होती आणि खापरं तिथंच जास्त. वस्तीची माती अशीच असते, चुलीची राख, शेण, पडक्या भिंती सगळं मिसळून. तिला आपल्याकडं पांढर म्हणतात. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, विषय हार्ड हाय." मी तिला एरवी झापलं असतं. त्या दिवशी मीच नाचायची बाकी होते.

आणि तिथंच मी घाण केली. थांबायला पाहिजे होतं. थांबणं माझ्या पत्रिकेत नाही. बांधावरूनच आबांना फोन केला, घावली, आपली वस्ती घावली.

पुढच्या रविवारी मी पोचते तर रानात अख्खी भावकी. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, मेणबत्त्या, अगरबत्त्या. आबांनी हुपरीपासून पाहुणे गोळा केले होते. नांगरटीच्या ढेकळांवर सतरंजी टाकून बुद्धवंदना झाली. मग आबा बोलायला उभे राहिले. "हितं आपल्या वाडवडलांच्या चुली हुत्या," एवढं म्हणाले आणि खाली बसले. अण्णा बांधावर टोपी काढून उभे होते. आणि गुरुजीही आले होते. आबांनीच बोलावलं होतं.

"खापरं बघितली," गुरुजी मला म्हणाले. "आता घर दाखव. भुई कुठं हाय? चूल कुठं हाय?"

त्याच दिवशी अण्णांच्या रानाच्या कडेनं ठिबकच्या पाइपसाठी जेसीबीनं चर मारला होता. चांगला कमरेइतका. मला वाटलं, देवच पावला. खणायची कटकट नाही, मातीची कापलेली बाजू आयती समोर. "या गुरुजी, दाखवते," म्हणत मी सगळ्यांदेखत साडी खोचून चरात उतरले. खुरप्यानं बाजू तासली.

वरची वीतभर माती राखाडी, खापरांची. नांगर जातो तेवढीच. खाली काळी माती. नुसती काळी, चिकण, पोटात एक खडा नाही. भुई नाही, चूल नाही, भिंतीचा पाया नाही. मी पुढं सरकून तासलं, अजून पुढं तासलं. सगळीकडं तेच. ह्या जागी कधी कुणी राहिलंच नव्हतं. वर एवढी माणसं वाकून बघत होती आणि मला चरातून बाहेर यायची लाज वाटत होती.

गुरुजी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. "यात्रा जवळ आली बाई," एवढं म्हणून गेले. आबांनी मेणबत्त्या विझवून पिशवीत भरल्या. घरी जाताना वाटेत म्हणाले, "तू कशाला मनाला लावून घेतीस? माझंच चुकलं, माणसं बोलावली." मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी निभावलं असतं.

रात्री तिथंच राहिले. सकाळी कॉलेज होतं म्हणून लवकर गाडी काढली. ओढ्याचा पूल ओलांडला, पुढं एका रानात ट्रॉलीतून शेणखत पडत होतं. रांगेत ढीग. मी बघत बघत पुढं गेले आणि करकचून ब्रेक मारला. मागचा दूधवाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला.

गाडी तशीच लावून त्या ढिगापाशी गेले. उकिरड्याचं खत होतं. त्यात फुटका कप, बांगड्यांचे तुकडे, प्लास्टिकचा कंगवा, चमचा, पोराच्या सँडलचा तळवा. आता हे सगळं नांगराखाली जाणार. उद्या माझ्यासारखी कुणी शहाणी येईल, कपाचा तुकडा उचलेल आणि फोन करेल, घावलं, इथं घर होतं. मी त्या उकिरड्याच्या ढिगासमोर उभी राहून एकटीच हसत सुटले. खत टाकणारा बाबा ट्रॅक्टर बंद करून बघायला लागला. "पावणं, बरं हाय न्हवं?"

बरं म्हणजे काय, नादखुळा बरं होतं. अण्णांच्या रानात कुणी राहिलेलं नव्हतं. तिथं पांढर आणून टाकलेली होती. जुन्या वस्तीची माती पिकाला सोन्यासारखी, म्हणून लोक गाड्या भरभरून ओढून रानात पसरायचे. मी हे वर्गात शिकवते. दरवर्षी शिकवते. आणि चरात उतरून तोंडघशी पडेपर्यंत मला ते आठवलं नव्हतं. म्हणजे खापरं खोटी नव्हती, जागा खोटी होती. आता एकच प्रश्न राहिला, ती माती आली कुठून.

कॉलेजला फोन करून रजा टाकली आणि परत अण्णांच्या रानात. ह्या वेळी खापरं उचलली नाहीत, नुसती त्यांची मापं बघत चालले. मातीबरोबर खापर जेवढं कमी फिरतं तेवढं मोठं राहतं. रस्त्याकडच्या बाजूला नखाएवढे तुकडे. ओढ्याकडं जावं तसे बोटाएवढे. बांधाजवळ तळहाताएवढे, कडा अजून धारदार. बांध ओलांडला, घाणेरीच्या जाळीत शिरले, साडीचा काठ फाटला, फाटू दे म्हटलं. पुढं जुना खड्डा. गाव त्याला मुरमाची खाण म्हणतं. लहानपणी आम्ही तिथं बोरं खायला जायचो. दोन पुरुष खोल, अर्धा कचऱ्यानं भरलेला.

ती खाण नव्हतीच. वस्तीची एवढी उंचवट्याची पांढर होती, ती ओढून ओढून तिथं खड्डा झाला होता.

अण्णांना विचारलं, तर त्यांनी आधी मला बसवून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या आज्ज्यानं ओढली. वस्ती उठून गेल्यावर. पंधरा-पंधरा दिवस बैलगाड्या चालायच्या म्हनं. कुनाची वस्ती, काय, आमाला कुनी सांगितलं न्हाय, आनि आमीबी इचारलं न्हाय."

हे आबांना सांगणं मला जड गेलं. संध्याकाळी त्यांना खड्ड्यावर घेऊन आले, अण्णाही आले. आबांनी खड्डा बघितला, रान बघितलं.

"म्हंजे आमच्या चुली तुमच्या उसाला घातल्या," आबा म्हणाले.

"घातल्या, आबा," अण्णा म्हणाले. आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "आनि त्येची साखर आमी खाल्ली."

आबा काठावर बसले. अण्णा त्यांच्या शेजारी बसले. मला मात्र दम धरवत नव्हता, कारण माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. गाडीवाल्यांना हवी होती पांढर. पांढर संपून मुरूम लागला की ते थांबणार, मुरूम कुणी उसाला घालत नाही. म्हणजे जमिनीवर होतं ते सगळं गेलं, घरं, भिंती, चुली. पण जे मुद्दाम मुरमात खोल खणलेलं असेल, ते कुणी नेलं असणार? ते तिथंच असणार.

दुसऱ्या दिवशी चारही मुली हजर. एकही दांडी नाही, परीक्षेला येत नाहीत अशा वेळेवर आल्या. अण्णांनी गडी लावून कचरा काढून दिला. खड्ड्याच्या ओढ्याकडच्या बाजूचा मुरूम पावसापाण्यानं ढासळून उभा कापल्यासारखा झाला होता. खणायचं नाही, फक्त झाडायचं. वरून खाली, हलक्या हातानं. पिवळा मुरूम निघत गेला, पिवळा, पिवळा, आणि मग काळी रेघ.

रेघ खाली गेली. वाकली. रुंद झाली. आम्ही पाचजणी झाडत होतो. वर तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट रांजणासारखं फुगत गेलेलं. आतून शेणामातीचा हात फिरवलेला, त्यात कडब्याच्या काड्यांचे ठसे. मला कळलं होतं, पण तोंडातून शब्द काढायची भीती वाटत होती, मागची अद्दल ताजी होती. तळाशी पोचलो. राखेचा थर, आणि राखेत काळे, गोल, जळके दाणे. जोंधळा. मुठी भरून जोंधळा.

पेव होतं. धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. संध्याकाळपर्यंत त्याच बाजूला आणखी दोन दिसली. मी मुरमात फतकल मारून बसले आणि आबांना हाक मारली. हाक कसली, बोंबच ती. पुलावरची माणसं थांबून बघायला लागली.

आबा काठी टेकत उतरले. मी दाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते बोटानं पसरून बघितले. मग एक दाणा उचलून दाताखाली धरला. "आबा, खाऊ नका, पुरावा हाय त्यो," मी ओरडले, आणि सगळ्यांना हसू फुटलं. आबांनाही. महिनाभरानं ते हसताना मी पाहिलं. दाण्यांचे, पेवांचे फोटो काढले, मापं घेतली, पुरातत्त्व खात्याला रीतसर कळवलं, वरून ताडपत्री टाकली. आणि आबांनी गुरुजींना निरोप धाडला.

ह्या वेळी भावकी नव्हती, मेणबत्त्या नव्हत्या. गुरुजी सायकल पुलावर लावून आले. धोतर सावरत खाली उतरले, चष्मा पुसला, तीनही पेवं नीट बघितली. मी सगळं सांगितलं, पांढर कशी गेली, पेव का राहिलं, जोंधळा कुठं होता. गुरुजी लक्ष देऊन ऐकत होते. हेडमास्तरसारखे मधेमधे मान हलवत होते.

"पेव हाय. मान्य," ते म्हणाले. "जोंधळा हाय. त्योबी मान्य. बलुत्याच्या दाण्यानं तीन पेवं भरत न्हाईत, त्येबी मान्य. वस्ती तुमची, ती तर आधीच मान्य. पण तुझ्या लोकांकडं गावाची राखण हुती. गावानं आपलं धान्य राखायला तुमच्या वस्तीत पेवं केली नसतील कशावरनं?"

राग आला, पण प्रश्न बरोबर होता. माझ्या विद्यार्थिनीनं विचारला असता तर मी तिची पाठ थोपटली असती. माती सांगते की इथं धान्य साठवलं. कुणाचं साठवलं, ते सांगत नाही. मी जळक्या दाण्यांकडं बघत राहिले. त्या दाण्यांवर मालकाचं नाव नव्हतं. सगळं जिथल्या तिथं थांबलं असं मला वाटलं.

आबा काठी टेकून गुरुजींच्या समोर आले. आवाज चढवला नाही.

"गुरुजी, आमची सावली पडली तर तुमचं वाडवडील अंगावर पानी घेत हुतं. आमच्या हातचं पानी चालत नव्हतं. आनि त्येनी आपलं खायाचं दानं आमच्या वस्तीत, आमच्या हातानं लिंपलेल्या पेवात ठिवलं असतं?"

गुरुजी पेवाच्या आत बघत उभे राहिले. शेणामातीवर हात फिरवल्याचे वळ अजून दिसत होते, बोटंसुद्धा मोजता आली असती. गुरुजींनी चष्मा काढला.

"न्हाय," ते म्हणाले. "न्हाय ठिवलं असतं."

मग खिशातलं पेन काढून आबांना म्हणाले, "सांगा. काय लिवू?"